ओलावा मोजणारा शेतकऱ्याचा मुलगा : लायमन ब्रिग्ज



सोयाबीनची मळणी उरकली की पुसेगाव परिसरातला माल सेनगाव-हिंगोलीच्या बाजाराकडे निघतो. तिथे वजनकाट्याच्या आधी मूठभर दाणे एका छोट्या यंत्रात पडतात. काही सेकंदांत आकडा उमटतो : १४.२. या आकड्यावर बोली चढते किंवा उतरते, कटती ठरते. हमीभाव खरेदी केंद्र असेल, तर माल घ्यायचा की परत न्यायला सांगायचे हेही त्यावरच ठरते. हमीभावाने सोयाबीन घेताना ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४-२५ च्या खरीप खरेदीत केंद्र सरकारने ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. तीन टक्के ओलावा किती शेतकऱ्यांना अडवू शकतो, हे त्यावरून लक्षात येते.

हा आकडा येतो कुठून? यंत्र दाण्यातले पाणी बाहेर काढून मोजत नाही. दाणे विजेला कसा प्रतिसाद देतात हे ते पाहते आणि त्यावरून ओलाव्याचा अंदाज बांधते. धान्याच्या बाबतीत हा मार्ग अगदी सुरुवातीला अभ्यासून मांडणारे शास्त्रज्ञ होते लायमन जेम्स ब्रिग्ज. जमिनीचा मर्मबिंदू शिकलेल्या प्रत्येक कृषी पदवीधराला त्यांचे काम माहीत असते, नाव आठवो वा न आठवो. त्यांचे आयुष्य समजून घेतले की मीटरवर कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे प्रश्न विचारायचा, हेही समजते.

शेतातून महाविद्यालयात

ब्रिग्ज यांचा जन्म ७ मे १८७४ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, बॅटल क्रीक गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. ते माध्यमिक शाळेत गेलेच नाहीत. प्रवेश परीक्षा देऊन वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी मिशिगन कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळवला. विषय शेतीचा होता, पण ओढ यंत्रांकडे आणि भौतिकशास्त्राकडे होती. १८९३ मध्ये ते पदवीधर झाले आणि वर्गात दुसरे आले. पुढे १८९५ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. १९०३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

१८९६ मध्ये, म्हणजे बाविसाव्या वर्षी, ते अमेरिकेच्या कृषी विभागात रुजू झाले. त्याच वर्षी कॅथरिन कुक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्वभावाचे प्रकार ओळखणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी तुम्ही एखाद्या प्रशिक्षणात ऐकली असेल. ती याच कॅथरिन आणि त्यांची मुलगी इसाबेल यांनी तयार केली. घरात माणसे मोजण्याचा विचार चालला होता आणि प्रयोगशाळेत लायमन पाणी मोजत होते.

मातीतले पाणी

कृषी विभागात त्यांच्याकडे मातीच्या भौतिक गुणधर्मांचे काम आले. प्रश्न साधा होता. दोन शेतांत पाऊस सारखाच पडला, तरी एका शेतातले पीक तग धरते आणि दुसऱ्यातले माना टाकते, असे का? मातीत पाणी किती आहे हे ठाऊक असणे पुरेसे नव्हते. त्यातले किती पाणी माती घट्ट धरून ठेवते आणि किती पिकाला मिळते, हे कळायला हवे होते.

ब्रिग्ज यांनी ओली माती वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालून तिच्यातले सुटे पाणी बाहेर फेकले आणि मागे राहिलेले पाणी मोजले. त्यामुळे वेगवेगळ्या जमिनींची तुलना एकाच मापाने करता आली. होमर शांत्झ या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी रोपे कोणत्या ओलाव्यावर कायमची सुकतात याचे प्रयोग केले. १९१२ मध्ये त्यांनी मांडले की सुकण्याचा हा बिंदू पिकापेक्षा जमिनीवर जास्त अवलंबून असतो. भारी काळ्या जमिनीत ओल दिसते, तरी पीक का सुकते, याचे उत्तर त्यात आहे. आपल्या भागातल्या कापूस-सोयाबीनच्या जमिनींना हे तंतोतंत लागू पडते.

कोलोरॅडोतील अॅक्रन येथे या दोघांनी पिकांच्या पाण्याच्या गरजेचेही मोजमाप केले. एक किलो सुके वजन तयार करायला ज्वारीला तीनशे किलोंच्या आसपास पाणी लागले, तर लसूणघासाला आठशे किलोंच्या वर. कोरडवाहू भागात ज्वारी का टिकली, हे आपल्या आजोबांना अनुभवाने ठाऊक होते. ब्रिग्ज आणि शांत्झ यांनी त्याला आकडे दिले.

धान्यातून वीज

१९०६ मध्ये ब्रिग्ज यांनी कृषी विभागात जैवभौतिकी प्रयोगशाळा उभी केली. त्या काळात अमेरिकेत धान्याच्या ओलाव्याचा प्रश्न तापलेला होता. ओला मका कोठारात आणि जहाजात तापायचा, कुजायचा. विकणारा म्हणायचा माल कोरडा होता, घेणारा म्हणायचा ओला होता. दाणा दाताखाली फोडून किंवा पोत्यात हात घालून केलेली पारख भांडण मिटवू शकत नव्हती.

खात्रीचा मार्ग भट्टीचा होता. धान्य तोलायचे, भट्टीत तापवून पाणी घालवायचे, पुन्हा तोलायचे. पण त्याला तासन् तास लागत. १९०७ मध्ये त्याच विभागातील एडगर ब्राऊन आणि ड्यूव्हेल यांनी धान्य तेलात तापवून निघालेली वाफ थंड करून नळीत मोजायची रीत आणली. तिने वेळ बराच वाचला, पण विस्तव, तेल आणि काचेची भांडी लागतच होती.

ब्रिग्ज यांनी वेगळा विचार केला. कोरडा दाणा वीज सहज जाऊ देत नाही, ओला दाणा जाऊ देतो. मग धान्यातून वीज किती अडते, हेच मोजले तर? १९०८ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १३ टक्के ओलाव्याचा गहू विजेला करतो तो विरोध १४ टक्के ओलाव्याच्या गव्हाच्या सुमारे सातपट होता आणि १५ टक्क्यांच्या गव्हाच्या सुमारे पन्नासपट. एका टक्क्यात एवढा मोठा फरक पडत असेल, तर तो ओळखायला वेळ लागत नाही. जलद मोजणीचे दार तिथे उघडले. मात्र या तत्त्वावरचे मीटर व्यापारात यायला पुढे सुमारे वीस वर्षे लागली.

या कामातल्या दोन गोष्टी आजही मीटर वापरणाऱ्याने विसरू नयेत. पहिली, त्यांच्या प्रत्येक विद्युत नोंदीला वाळवून काढलेल्या खऱ्या ओलाव्याचा आधार होता. त्याशिवाय विजेच्या आकड्याला टक्केवारीचा अर्थच येत नाही. दुसरी, धान्याचे तापमान बदलले की विरोधही बदलतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवले. ओलावा तेवढाच राहिला, तरी गरम धान्यातून वीज जास्त जाते आणि धान्य असते त्यापेक्षा ओले भासते.

तुमच्या खळ्यावर याचा अर्थ काय

आजचे हातात मावणारे बरेच मीटर विरोधाऐवजी धान्याची विद्युत धारकता मोजतात. तत्त्व वेगळे असले, तरी अंदाज विजेवरूनच बांधला जातो. म्हणून पुढील काळजी सगळ्यांनाच लागू होते.

- दुपारच्या उन्हातून उचललेले दाणे लगेच मीटरमध्ये घालू नका. दाणे आणि मीटर एकाच सावलीत ठेवून थंड होऊ द्या.
- नुकत्याच वाळवलेल्या दाण्याची साल कोरडी आणि गाभा ओला असतो. अशा वेळी मीटर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकतो. माल रात्रभर ढिगात झाकून ठेवा, ओलावा दाण्यात सारखा पसरू द्या आणि सकाळी मोजा.
- दव पडलेल्या दाण्यावर उलटे होते. साल ओली असल्याने आकडा फुगतो.
- मीटरवर पीक नीट निवडा. हरभऱ्याच्या सेटिंगवर मोजलेल्या सोयाबीनच्या आकड्याला अर्थ नाही.
- काडीकचरा, माती आणि फुटके दाणे काढून टाका. ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून नमुने घेऊन मिसळा. तीन वेळा मोजून सरासरी काढा.

एका टक्क्याचे पैसे किती, हेही मांडून पाहा. २० क्विंटल सोयाबीन १३ टक्क्यांवरून १२ वर आणले, तर वजन सुमारे २३ किलोने घटते. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ही रक्कम सुमारे १,२०० रुपये होते. मीटर एका टक्क्याने चुकला, तर एवढी रक्कम कोणाच्या तरी खिशातून जाते.

वजनातील घट काढताना टक्क्यांची सरळ वजाबाकी करू नका. १० क्विंटल सोयाबीन १६ टक्क्यांचे असेल, तर त्यात सुका भाग ८४० किलो असतो. १२ टक्क्यांवर आल्यावर हाच सुका भाग एकूण वजनाच्या ८८ टक्के होतो. ८४० ला ०.८८ ने भागले की ९५४.५ किलो येतात. म्हणजे घट ४० किलोंची नसून ४५.५ किलोंची आहे. ओल्या मालाला क्विंटलला ४,६०० रुपये मिळत असतील, तर वाळलेल्या मालाला सुमारे ४,८२० रुपये मिळाले तरच बरोबरी होते, आणि त्यात वाळवण्याची मजुरी धरलेली नाही.

गरजेपेक्षा जास्त वाळवणेही तोट्याचे आहे. १२ टक्क्यांचा १ क्विंटल माल ९ टक्क्यांपर्यंत वाळला, तर सुमारे ३.३ किलो वजन उन्हात उडून जाते. भाव तोच मिळतो. शिवाय फार कोरड्या सोयाबीनची साल हाताळताना तडकते, बियाण्यासाठी तर हे अधिक घातक. घरी मीटर असण्याचा खरा उपयोग हा आहे : माल कधी उचलायचा हे ठरवणे.

प्रमाणे सांभाळणारा माणूस

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ब्रिग्ज यांची नेमणूक अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत झाली. वजने, मापे, तापमापके यांची अंतिम खातरजमा करणारी ही संस्था १९०१ मध्ये सुरू झाली होती. आपल्याकडे हे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. युद्धापुरते गेलेले ब्रिग्ज तिथेच राहिले. पॉल हेल यांच्याबरोबर त्यांनी विमानासाठी पृथ्वीच्या चुंबकत्वावर चालणारे होकायंत्र तयार केले आणि त्याबद्दल दोघांना १९२२ मध्ये मॅगेलन पदक मिळाले. १९३३ मध्ये ते संस्थेचे संचालक झाले.

तो काळ महामंदीचा होता. संस्थेचा निधी मोठ्या प्रमाणात कापला गेला. अनेकांना घरी पाठवायची वेळ आली. ब्रिग्ज यांनी काहींना अर्धवेळ कामावर ठेवले, काहींना दुसऱ्या संस्थेच्या पटावर नेऊन काम मात्र इथेच चालू ठेवले आणि बरीच अनुभवी माणसे वाचवली.

त्यांच्या आयुष्यात टीकेचाही भाग आहे. १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना युरेनियमविषयक समितीचे अध्यक्ष केले. अणुऊर्जेच्या शक्यता तपासण्याचे हे काम फार संथ चालले. ब्रिटनहून आलेला महत्त्वाचा अहवाल त्यांनी तिजोरीत बंद ठेवला, हा आक्षेप इतिहासात नोंदला गेला आहे. पुढे या कामाची सूत्रे इतरांकडे गेली. प्रत्येक आकडा पारखून पुढे जाण्याची सवय मोजमापाच्या संस्थेत उपयोगी होती, युद्धाच्या घाईत तीच आड आली.

१९४५ मध्ये ते निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा सोडली नाही. द्रव पदार्थ ताणले तर तुटतात कधी, यावर त्यांनी काम केले. १९५९ मध्ये, पंचाऐंशीच्या घरात असताना, बेसबॉलचा चेंडू हवेत नेमका किती वळतो हे त्यांनी हवेच्या बोगद्यात मोजले. २५ मार्च १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

मीटर निवडताना

धान्याचा मीटर आणि मानक संस्था ही ब्रिग्ज यांच्या कामाची दोन टोके आपल्या बाजारात एकत्र यायला हवीत. वजनकाट्यावर तपासणीचा शिक्का आहे का, हे आपण पाहतो. मीटर शेवटचा कधी तपासला, हे मात्र क्वचितच विचारतो. खरेदी करताना पुढील मुद्दे पाहा.

- एकट्या शेतकऱ्यासाठी किंवा गटासाठी : हातात धरायचा धान्य मीटर पुरतो. सोयाबीन, हरभरा, तूर, गहू या पिकांचे सेटिंग आणि तापमानाची आपोआप दुरुस्ती त्यात आहे का, हे विचारा. तपासणी आणि दुरुस्ती जवळ कुठे होईल, हे आधी विचारा, किंमत नंतर.
- शेतकरी उत्पादक कंपनी, गोदाम किंवा बियाणे केंद्रासाठी : हॅलोजन किंवा इन्फ्रारेड दिव्याचा ओलावा विश्लेषक घ्या. तो थोडा नमुना वजनकाट्यावरच वाळवतो आणि घटलेल्या वजनावरून ओलावा सांगतो. हा अंदाज विजेवर नसून वजनावर असतो. दाणे दळून पातळ थर पसरावा लागतो, टेबल स्थिर आणि पंख्याच्या वाऱ्यापासून दूर हवे. तापमान जास्त ठेवले तर दाणा करपतो आणि आकडा खोटा वाढतो.
- तेल गिरणी किंवा मोठ्या प्रक्रिया उद्योगासाठी : जवळच्या अवरक्त किरणांवरचे यंत्र ओलाव्याबरोबर तेल आणि प्रथिनेही सांगते. महाग आहे आणि प्रत्येक पिकासाठी भट्टीच्या आकड्यांशी त्याचा मेळ घालून ठेवावा लागतो.

कोणताही मीटर हंगामाच्या सुरुवातीला भट्टीशी ताडून पाहा. साधारण १०, १३ आणि १६ टक्क्यांचे तीन नमुने घ्या. प्रत्येकाचा अर्धा भाग मीटरवर मोजा, अर्धा हवाबंद बाटलीत भरून कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा प्रयोगशाळेकडे द्या. अख्ख्या सोयाबीनसाठी भट्टीची रूढ पद्धत १०३ अंश सेल्सिअसवर ७२ तासांची आहे. १५ ग्रॅम नमुना १२.९ ग्रॅम झाला, तर घट २.१ ग्रॅम, म्हणजे ओलावा १४ टक्के. तिन्ही नमुन्यांत मीटर साधारण तेवढाच जास्त दाखवत असेल, तर तो फरक कागदावर लिहून मीटरला चिकटवा आणि प्रत्येक वेळी वजा करा. फरक कधी इकडे कधी तिकडे येत असेल, तर मीटर दुरुस्तीला द्या.

हळदीला वेगळा नियम

आपल्या जिल्ह्यात हळद मोठी आहे आणि तिथे धान्याचा मीटर कामाचा नाही. शिजवून वाळवलेल्या हळकुंडाची बाहेरची बाजू लवकर कडक होते, पण गाभ्यात पाणी राहते. शिवाय हळदीत उडून जाणारे सुगंधी तेल असते. भट्टीत किंवा हॅलोजनच्या दिव्याखाली पाण्याबरोबर हे तेलही उडते आणि ओलावा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून मसाल्यांच्या प्रयोगशाळेत टोल्युइन या द्रवाबरोबर नमुना उकळून निघालेले पाणी मोजनळीत वेगळे करून वाचतात. डीन आणि स्टार्क यांनी त्यासाठीचे भांडे १९२० मध्ये मांडले. टोल्युइन ज्वालाग्राही आणि अपायकारक आहे, त्यामुळे हे काम प्रयोगशाळेतच व्हावे.

अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अख्ख्या हळदीत ओलावा १२ टक्क्यांपेक्षा आणि हळद पावडरीत ११ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. पावडर तयार करणाऱ्या गटांनी आपल्या जलद यंत्राचा आकडा या पद्धतीशी वर्षातून एकदा तरी जुळवून घ्यावा.

बाजारात विचारायचे तीन प्रश्न

आकडा पटला नाही तर वाद घालण्याआधी शांतपणे तीन गोष्टी विचारा. मीटर कोणत्या पिकाच्या सेटिंगवर आहे? शेवटची तपासणी कधी झाली, त्याची नोंद दाखवता येईल का? नवा नमुना मिसळून माझ्यासमोर तीनदा मोजाल का? घरून निघताना आपल्या मीटरचा आकडा, वेळ आणि त्या वेळी दाणे गरम होते की थंड, एवढे वहीत लिहून न्या. तोंडी तक्रारीपेक्षा ही नोंद बाजार समितीत अधिक उपयोगी पडते. गटाकडे मीटर असेल, तर यंदाची पहिली गाडी भरण्याआधीच तो भट्टीशी ताडून घ्या.